'सिंगिंग काउबॉय' आणि 'व्होकल रिफ्रेन' : मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही काही जण महिन्यातून एकदा जुन्या तबकड्या ऐकायला जमतो. पुढच्या बैठकीत १९३०च्या आसपासच्या अमेरिकन डान्स बँडच्या तबकड्या आहेत आणि मी स्मिथ बॅल्यू या गायकावर दोन पानांचं टिपण लिहायला घेतलंय. माणूस माझ्या फार आवडीचा. टेक्ससमधल्या पॅलेस्टाइन गावी १९०२ साली जन्म. ऑस्टिनच्या विद्यापीठात शिकताना बँजो वाजवत बँडांमध्ये शिरला, पुढे न्यूयॉर्क गाठलं आणि दोन-तीन वर्षांत शेकडो तबकड्यांवर गायला. स्वतःचा बँडही काढला. पुढे बँडप्रमुख म्हणून गाजलेला ग्लेन मिलर प्रसिद्ध होण्याआधी त्यात ट्रॉम्बोन वाजवत होता. १९३६पासून हाच माणूस घोड्यावर बसून पडद्यावर गाणी म्हणताना दिसतो.

टिपण दोन ठिकाणी अडलंय. तबकडीवरच्या गोल कागदावर बँडचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि खाली बारीक टायपात 'विथ व्होकल रिफ्रेन' किंवा 'व्होकल कोरस'. बऱ्याचदा गायकाचं नावच नाही. याचं मराठी काय करावं? आणि 'सिंगिंग काउबॉय'ला 'गाणारा गुराखी' चालेल का? मला ते खटकतं, पण का ते सांगता येत नाहीये.

प्रतिसाद

ताई, आधी 'कोरस'चा सापळा टाळा. मराठीत कोरस म्हटलं की चार-सहा जणांनी एका सुरात म्हटलेलं गाणं डोळ्यासमोर येतं. म्हणून 'व्होकल कोरस'चं 'समूहगान' केलंत तर सपशेल उलटा अर्थ होईल, कारण तिथे एकटाच माणूस गातोय. त्या काळच्या अमेरिकन गाण्यात 'कोरस' किंवा 'रिफ्रेन' म्हणजे गाण्याचा मुख्य भाग, साधारण बत्तीस बारांचा. आपल्या हिशेबानं चार-चार मात्रांचे बत्तीस तुकडे. तीन मिनिटांच्या तबकडीत बँड आधी तो भाग वाजवतो, मध्ये गायक उठून एकदा गातो आणि बसतो, मग पुन्हा बँड. लोक नाचायला आलेले असतात, गाणं ऐकायला नव्हे.

म्हणून 'पालुपद'ही नको. पालुपद म्हणजे कडव्यामागून फिरून येणारी ओळ. शिवाय 'त्याचं तेच पालुपद चाललंय' या वापरानं त्या शब्दाला कटकटीचा वास लागलाय.

प्रतिसाद

'झीलकरी' कसा वाटतो? पोवाड्यात शाहिराच्या मागे उभं राहून 'जी जी जी' करणारा. नाव शाहिराचं होतं, झीलकऱ्याचं कुणी लक्षात ठेवत नाही. तुमच्या बॅल्यूचंही तेच झालेलं दिसतं.

धागाकर्ती

झीलकरी शब्द आठवून दिल्याबद्दल खरंच आभार, फार दिवसांनी वाचला. पण इथे बसत नाही. झीलकरी गाणाऱ्याच्या मागे गातो. बॅल्यूच्या पुढे गाणारं कुणीच नाही. जे आहेत ते वाजवणारे. तो गातो तेव्हा मायक्रोफोनसमोर तो एकटा असतो आणि तरीही तबकडी त्याची नसते.

नावाचं म्हणाल तर आपल्याकडेही हे घडलंय. 'महल' (१९४९) मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव. लताबाईंचं नव्हे. लोक आवाज कुणाचा म्हणून विचारत राहिले.

प्रतिसाद

मी म्हापशाचा. बॅल्यूसारख्या गायकाला इंग्रजीत 'क्रूनर' म्हणत, तो शब्द तसाच ठेवा असं सांगायला आलो. आमच्याकडे आणि मुंबईच्या हॉटेलांमधल्या बँडांत तो शब्द रुळलेला होता. कोकणी गायिका लोर्ना कॉर्देरोंनाही क्रूनर म्हणत. इंग्रजीत तो स्कॉटलंडकडून आला. तिथे 'क्रून' म्हणजे खालच्या पट्टीत गुणगुणणं. १९२५मध्ये विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि हळू आवाजातलं गाणं बँडच्या वर ऐकू येऊ लागलं. त्याआधी गायकाला ओरडावं लागे नाहीतर कर्णा तोंडाला लावावा लागे. म्हणून क्रूनर म्हणजे नुसता 'बँडमधला गायक' नव्हे, मायक्रोफोनच्या जवळ जाऊन गाणारा गायक. 'गुणगुणणारा' म्हणालात तर तो गायक वाटत नाही, वेळ घालवणारा वाटतो.

आणि हो, नुसतं 'बँडचा गायक' लिहू नका. देशावर बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला. वाचक गणवेश आणि पितळी वाद्यंच बघेल.

प्रतिसाद

'ऑर्केस्ट्रा' पण नको मग. गणेशोत्सवात मांडवात व्हायचा तो ऑर्केस्ट्रा, मध्ये मिमिक्री असलेला. 'नाचाचा बँड' सरळ आहे.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी विदर्भातला, आमच्या घरची गुरं गावच्या गुराख्याकडे असायची. गुरं राखतो तो गुराखी. सकाळी दावणीतून गुरं सोडायची, तो गावाबाहेर नेणार, दिवस मावळायला परत आणणार. हातात काठी, पायी चालणं, घरटी ठरलेलं धान्य किंवा पैसे. त्याचं सगळं काम गावाभोवती फिरतं.

काउबॉय म्हणजे वेगळंच काम. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर, १८६६पासून पुढची वीसेक वर्षं, टेक्ससमधले हजारो बैलांचे कळप कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीन, डॉज सिटी अशा रेल्वेच्या ठाण्यांपर्यंत महिनोन्‌महिने हाकत न्यायचे. तिथून जनावरं रेल्वेनं पूर्वेकडे जायची. काउबॉय हा त्या धंद्यातला घोड्यावरचा मजूर होता. त्यात काळे आणि मेक्सिकन लोकही पुष्कळ होते, जे पडद्यावर फारसे दिसले नाहीत. गुराख्याची गुरं संध्याकाळी घरी येतात, काउबॉयची येत नाहीत. तुम्हाला खटकत होतं ते हेच असावं.

गाणं मात्र बनावट नाही. रात्री कळप बुजून उधळू नये म्हणून पहाऱ्यावरचे लोक घोड्यावरून फेऱ्या मारत संथ गाणी म्हणत. चित्रपटवाल्यांनी त्याचं काय केलं तो भाग निराळा.

प्रतिसाद

फोर्ट वर्थहून लिहितेय. इथल्या स्टॉकयार्डमध्ये, म्हणजे गुरांच्या जुन्या बाजारात, अजून रोज दोनदा लांब शिंगांची जनावरं रस्त्यावरून हाकत नेतात, पर्यटकांसाठी. आईबाबा आले होते तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "यांना वेसण कशी नाही?" म्हणजे गुराखी आणि काउबॉय यांतलं अंतर त्यांना बघताक्षणी कळलं.

शब्दाचं सांगायचं तर या धंद्याची निम्मी भाषा स्पॅनिश आहे. रँच, रोडिओ, लॅसो सगळं तिकडचं. 'व्हाका' म्हणजे गाय, तिच्यावरून 'वाकेरो', आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडात त्याचा 'बकारू' झाला. बॅल्यूचा एक चित्रपट आहे 'हवाईयन बकारू' (१९३८). गंमत अशी की हवाईत खरोखर काउबॉय होते आणि आहेत, पण तिथे त्यांना 'पानिओलो' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोतून आलेल्या वाकेरोंनी बेटांवरच्या लोकांना हे काम शिकवलं. ते 'एस्पान्योल' बोलणारे, म्हणून पानिओलो. एका कामाला तीन भाषांनी आपापला शब्द घडवला. आपण चौथा शोधण्यापेक्षा 'काउबॉय' ठेवलेला बरा, तो मराठीत सगळ्यांना कळतो.

आणि ताई, तुमचा बॅल्यू म्हातारपणी आमच्याच शहरातला! चित्रपट थांबल्यावर तो विमानांच्या कारखान्यांत नोकरीला लागला आणि इथल्या कारखान्यातून निवृत्त झाला. १९८४मध्ये गेला.

प्रतिसाद

'गायक-नट' का नको? बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ. शब्द तयार आहे.

धागाकर्ती

यावर मी दोन दिवस विचार केला.

'गायक-नट' बॅल्यू या माणसाला शोभतो, पण 'सिंगिंग काउबॉय' हा माणूस नाही, तो चित्रपटातला साचा आहे. १९३५मध्ये जीन ऑट्री या गायकाचे असे चित्रपट चालले आणि प्रत्येक निर्मात्याला घोड्यावर बसणारा गायक हवा झाला. वॉर्नरनी डिक फोरन उभा केला, दुसऱ्या एका कंपनीनं टेक्स रिटर. सोल लेसर या निर्मात्याला बॅल्यू मिळाला. उंच, देखणा, मूळचा टेक्ससचा आणि गाता येणारा. १९३७-३८मध्ये त्याचे पाच वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट, आले. (इथे 'पाश्चात्त्य चित्रपट' लिहू नये. त्यात फ्रेंच आणि जर्मनही येतील.)

माझा निकाल लागला तो 'रॉहाइड' (१९३८) मुळे. त्यात बेसबॉलचा थोर खेळाडू लू गेरिग स्वतःच्याच नावानं येतो; खेळ सोडून गुरांच्या रँचवर राहायला आलेला. आणि बॅल्यू कोण आहे? वकील! गाव लुटणाऱ्यांशी लढणारा, मध्येच गाणारा वकील. तरीही चित्रपट 'सिंगिंग काउबॉय'च्या यादीत बसतो. तिथे मी 'गाणारा गुराखी' लिहिलं असतं तर वाचकानं विचारलं असतं, याची गुरं कुठायत? म्हणून साच्याला 'गाणारा काउबॉय' आणि बॅल्यूला 'गायक-नट' असे दोन्ही शब्द वापरणार आहे.

अजून एक अडचण आहे. जॉन वेनचा एक चित्रपट आहे १९३३चा, 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'. त्यात वेन गाताना दिसतो, आवाज दुसऱ्याचा. तो बॅल्यूचा, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. आता तो दिग्दर्शकाचा मुलगा बिल ब्रॅडबरी याचा मानतात. याला 'पार्श्वगायन' म्हणावं का?

प्रतिसाद

नको. पार्श्वगायक हा आपल्याकडे मानाचा शब्द झालाय, नाव असलेला. तिथे आवाज लपवायचा होता. 'उसना आवाज' म्हणा.

धागाकर्ती

हो, उसना आवाज. पक्कं.

मग 'व्होकल रिफ्रेन' उरतो. काल रात्री तबकडी परत लावली. बँडनं भाग वाजवला, बॅल्यू मध्ये आला, अगदी सावकाश, शब्द नीट सोडवत गायला आणि मागे सरला. क्लॅरिनेटनं त्याची जागा घेतली, जणू तोही एक वादकच होता. आपल्याकडे गाण्याला वाद्यांची साथ असते. इथे वाद्यांना गळ्याची साथ आहे. म्हापशाच्या दादांचा 'क्रूनर' टिपणात येईलच, पण तबकडीचं वर्णन मी असं लिहिलंय: 'नाचाचा बँड, गळ्याची साथ.' आणि त्यापुढे, जे त्या गोल कागदावर नव्हतं ते, 'स्मिथ बॅल्यू'.

प्रतिसाद

'गळ्याची साथ' उत्तम. पण ताई, 'गळ्याची साथ' म्हटल्यावर घशाच्या आजाराची साथ नाही ना वाटणार कुणाला? 'गायनाची साथ' सुरक्षित आहे.

धागाकर्ती

बरोबर आहे तुमचं, तो दुसरा अर्थ माझ्या लक्षातच आला नव्हता. 'गायनाची साथ' करते. बैठकीला जमल्यावर सगळ्यांना वाचून दाखवीन आणि कुणाला कुठे अडखळायला होतं ते इथे येऊन लिहीन.