मदत हवी आहे: आईला ‘सेट’ कसा शिकवू?

आई ६८ वर्षांची, हौसेने इंग्रजी शिकतेय. रोज चहाबरोबर पाच शब्द. वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ‘सेट’पर्यंत छान चाललं होतं. अलार्म सेट करतात, सिमेंट सेट होतं, सूर्यही सेट होतो म्हटल्यावर तिने विचारलं, “म्हणजे सूर्य तुपासारखा थिजतो का रे?” आणि वही मिटली. त्यात भूतकाळी रूपही ‘सेट’च!

१९८९च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत या एका क्रियापदाचे चारशेहून जास्त अर्थ आहेत. (पुढे ‘रन’ने त्यालाही मागे टाकलं.) उजवीकडच्या रकान्यात लिहू काय?

गंमत म्हणजे हीच बाई “हात लावू नकोस, दही सेट होऊ दे” म्हणते, लग्नाला मोत्यांचा सेट घालते. तिथूनच सुरुवात करावी का? मला अर्थांपेक्षा वाक्यं द्यावीशी वाटतात, पण तिला रकाना भरलेला लागतो. ‘सेट अप’, ‘सेट ऑफ’ आत्ताच घ्यावेत की थांबावं? घरच्या मोठ्यांना कोणी असं शिकवलंय का? मराठी वाक्यांसकट एखादं पुस्तक असेल तर सुचवा, फक्त टाइप मोठा हवा.