५५ लिटरचा हिशेब नळाशी, विहिरीशी नाही

गावच्या नळपाणी योजनेचा हिशेब करताना ५,००० वस्तीला माणशी ५५ लिटर धरून रोज पावणेतीन लाख लिटर काढतात. हे झालं आजचं, तेही नळापाशी. ३० वर्षांनी वस्ती ६,५०० धरली तर ३ लाख ५७ हजार. १५ टक्के गळती धरून उद्भवातून, म्हणजे पाणी जिथून घेतो त्या विहिरीतून, ४ लाख २० हजार लिटर उपसावे लागतील. पंप ८ तासच चालणार असेल तर ताशी ५२,५०० लिटर, १६ तास चालला तर निम्मे. म्हणजे आधी वीज किती तास मिळते ते बघा, मग मोटरचा एचपी ठरवा. ठेकेदार नेमकं उलट करतात.

खरी मेख विहिरीची. तिला पाणी किती येतं याची चाचणी दिवाळीत नको, मे महिन्यात घ्या. पाणी तळाशी न्या, मोटर बंद करा, टेपने चढ मोजा. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर चढ म्हणजे साधारण २८,००० लिटर. त्याला ४ तास लागले तर दिवसाला जेमतेम १ लाख ७० हजार लिटर! शिवाय पातळी वाढेल तसा झिरपा मंदावतो, म्हणून पहिल्या तासावरून दिवसाचा गुणाकार करू नका.

जलवाहिनी ३० वर्षांसाठी, पंप मात्र १५ वर्षांसाठीच घ्या. नवा पंप कधीही बसवता येतो, रस्ता परत खोदणं परवडत नाही.