नेत्याचं नाव गुगलवर बदनाम करणं, हे आंदोलन हाय का?

आर्वीचा कास्तकार: गावातले पोट्टे म्हणतात आमदारावर गुगल बॉम्ब टाकू. म्हणजे जिथं जमन तिथं एकच शिवी लिहाची अन् तिले साहेबाच्या पेजची लिंक जोडाची, मंग कोणी तो शब्द सर्च केला का साहेबच सगळ्यात वर. २००३ मध्ये अमेरिकेत तवाचे अध्यक्ष जॉर्ज बुशले असंच केलं होतं, 'दारुण अपयश' या अर्थाचे इंग्रजी शब्द टाकले का व्हाइट हाऊसच्या साइटवरचा त्याचा परिचय पहिला याचा. मले पटते हे. मोर्चा म्हटलं का गाडीभाडं, बुडालेली मजुरी, वरून पोलिसाची नोटीस.

मोर्शीची मास्तरीण: भाऊ, पुढचंही सांगा ना. बुशच्या समर्थकांनी त्याच शब्दांवर माजी अध्यक्ष जिमी कार्टर अन् बुशवर टीका करणारे सिनेमावाले मायकेल मूर यांना आणून बसवलं. २००७ च्या जानेवारीत गुगलनं अल्गोरिदम, म्हणजे कोणतं पेज वर दाखवायचं ते ठरवायची पद्धत, बदलला, असे बॉम्ब चालू नये म्हणून. अन् २००९ मध्ये बुशच्या जुन्या पेजची लिंक ओबामाच्या पेजवर वळवली तर 'अपयश' सर्च केल्यावर ओबामाच दिसायला लागले, त्यांना खुर्चीत बसून काही दिवसच झाले होते! बुश घरी गेले, शिवी खुर्चीलाच चिकटून राहिली.

हिंगणघाट ९०: पण दखल तं घेतली ना ताई. डिसेंबर २०१८ मध्ये त्यायच्या संसदेत गुगलच्या सुंदर पिचाईले विचारलं, 'इडियट' सर्च केलं का ट्रम्पचेच फोटो काहून येतात म्हणून. आपल्या कापसाले कोण विचारते?

मोर्शीची मास्तरीण: उत्तर पिचाईंना द्यावं लागलं, ट्रम्पला नाही. मला आमदाराकडून उत्तर पाहिजे. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ साठी ७७१० रुपये क्विंटल, मग खेडा खरेदीत, म्हणजे गावातच माल घेताना, व्यापारी त्याच्या खाली काटा करते तेव्हा साहेब कुठं असतात? ओलावा १२ टक्क्यांवर गेला का सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, माल परत पाठवते, ज्याच्या घरी वाळवायले जागा नाही त्यानं काय करावं? हे लिहा, तारीख टाकून लिहा, सोबत त्यांचं निवडणुकीचं शपथपत्र जोडा, ते आयोगाच्या साइटवर सगळ्यांसाठी खुलं असते. त्यांचं नाव सर्च केलं का हे वर आलं पाहिजे.

हिंगणघाट ९०: शपथपत्र कोण वाचते ताई, शिवी रातच्याले सगळ्या ग्रुपवर फिरते.

आर्वीचा कास्तकार: फिरू द्या. निवेदनं देऊन देऊन थकलो आम्ही, मी काही पोट्ट्यायले थांबवत नाही. फक्त शिवीत जात अन् घरच्या बाया नाही आल्या पाहिजे, येवढं मी त्यायले बजावलं हाय. तुमचं लिहून झालं का पाठवा ताई, तेही टाकतो.