मदत हवी आहे: गुलमोहराची फांदी विजेच्या तारेत शिरलीय, कुठून कापू?

सुमेध_का
फाटकाजवळच्या गुलमोहराची फांदी तारेला लागतेय. वारा सुटला की चरचर आवाज येतो, रात्री ठिणगी दिसते. लांब दांड्याची करवत आणलीय, शिडी आहे. उद्या सकाळी कापतोय. कुठून कापायची एवढंच सांगा. शिवाय जवळच दुसरं कुठलं झाड लावता येईल?

रानवाट
तार कोणती? घरात येणारी सर्व्हिस वायर, की खांबांवरून जाणारी? तारा किती? फांदी बुंध्याशी किती जाड?

जोडारी
उद्याचं आधी रद्द करा. ठिणगी पडतेय म्हणजे फांदीतून वीज जातेय. ओलं लाकूड वीज वाहून नेतं. उघड्या तारेपासून ३ मीटरच्या आत तुम्ही, शिडी, करवतीचा दांडा, पडणारी फांदी, काहीच यायला नको. दांडा फायबरचा असला तरी त्यावर दव आणि धूळ बसली की भरवसा नाही. तोवर त्या झाडाला हात लावू नका, खाली कुणाला थांबू देऊ नका.

सुमेध_का
खांबावर आडव्या पट्टीवर तीन तारा आहेत. फांदी मनगटाएवढी. तार काळी दिसते, म्हणजे आवरण असणार ना? घराचा मेन स्विच बंद केला तर?

जोडारी
उघडी अ‍ॅल्युमिनियमची तारही जुनी झाली की काळी पडते. रंगावर जाऊ नका. आडव्या पट्टीवर तीन तारा म्हणजे बहुधा ११ केव्ही, म्हणजे ११ हजार व्होल्टची लाइन. मेन स्विचने फक्त घरातली वीज जाते, खांबावरची नाही. वीज कार्यालयाला खांबाचा क्रमांक आणि 'फांदी लागून ठिणग्या' एवढं कळवा. ते लाइन बंद करून अर्थिंग लावतील, म्हणजे तारा जमिनीला जोडतील, आणि मगच फांदी काढतील.

अंगणवाला
एवढा घोळ कशाला? त्यांना सांगून शेंडाच उडवा, चार वर्षं बघायला नको.

रानवाट
चार वर्षं? शेंडा उडवला की कापाखालून डझनभर सरळसोट फुटवे येतात आणि एक-दोन पावसाळ्यांत पुन्हा तारेला भिडतात. त्यांचा जोड सालीपुरता असतो, वादळात तेच आधी तुटतात. गुलमोहर मुळातच ठिसूळ. तारेकडची फांदी तिच्या अशा उपफांदीपर्यंत कापून मागे घ्या, जी दुसरीकडे वळते आणि जाडीत मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश आहे. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त हिरवा पसारा काढू नका.

फांदी पूर्णच काढायची असेल तर तीन काप. पहिला बुंध्यापासून फूटभर अंतरावर, खालून, पाव जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या दोन-तीन बोटं बाहेर, वरून; फांदी इथे तुटते. पहिला काप नसेल तर वजनानं साल बुंध्यापर्यंत सोलत जाते. तिसरा उरलेल्या खुंटाचा: फांदीच्या मुळाशी सुरकुतलेला फुगीर गळा दिसतो ना, त्याच्या अगदी बाहेरून. गळा कापला तर जखम भरत नाही, खुंट ठेवला तर कुजतो.

पालवी७
कापलेल्या जागी डांबर लावा, कीड लागत नाही.

रानवाट
डांबराखाली ओल अडकते आणि बुरशी वाढते. उघडं सोडा. काप नीट असेल तर झाड कडेनं स्वतःच वळ धरतं.

पालवी७
निदान वाळलेल्या शेंगा वेचून ठेवा, बियांची रोपं छान होतात.

जोडारी
नवा गुलमोहर तिथे नकोच! पूर्ण वाढल्यावर ६ मीटरच्या आत राहणारंच झाड तारेजवळ लावा: तगर, कण्हेर, डाळिंब, पिवळा टेकोमा. मात्र कण्हेर विषारी आहे, लहान मुलं किंवा गुरं असतील तर टाळा. मोठी झाडं तारेच्या रेषेपासून निदान १५ मीटर लांब.

सुमेध_का
कळवलं. खांबाचा क्रमांकच आधी विचारला. टेकोमाचं ठरतंय. खड्डा खांबापासून किती लांब?

जोडारी
खांबापासून ३ मीटर तरी, म्हणजे चढायला जागा राहील. स्टे वायरच्या, म्हणजे खांबाला ताणून धरणाऱ्या तिरक्या तारेच्या, रेषेत नको. जमिनीखालून केबल गेलीय का? खणण्याआधी तेही त्यांनाच विचारा.