आजोबाची लांब नळीची ३१५ बोअर: चार इंच कापू का राहू देऊ?

तूरवाला_दारव्हा

राम राम मंडळी.

आमच्या घरी ३१५ बोअरची रायफल हाये, आजोबाच्या काळातली, विलायती. आजोबा गेल्यावर बाबाच्या नावावर झाली. बाबाले सत्तर पूर्ण झाली तवा वारस म्हणून लायसन माह्या नावावर आलं. आजवर दसऱ्याले हळदकुंकू लावून परत कपाटात, एवढंच तिचं काम होतं.

वावर सात एकर, नाल्याच्या काठावर. कापूस, तूर अन् मागच्या तुकड्यात हरभरा. रोही (नीलगाय) तुरीचे शेंडे अन् शेंगा ओरबाडते. डुक्कर तं हरभऱ्यात असा घुसते का सकाळी पाहिलं तं वखर फिरवल्यासारखं दिसते. यंदा पंचनामे करून करून थकलो अन् आरएफओकडून (वनपरिक्षेत्र अधिकारी) रोही-डुकरं मारायची रीतसर परवानगी काढली.

आता अडचण सांगतो. रायफलीची नळी लयच लांब. मचाण माहं चार बल्ल्यांचं, वर टिनाचा पत्रा, तिन्ही बाजूनं बांबू. परवा रात्री अडीच वाजता हरभऱ्यात खुसखुस झाली. मी हळूच नळी फिरवली तं बांबूले लागली, टण्ण! डुकरं धुऱ्याच्या (बांधाच्या) पलीकडं, अन् मी तोंड पाहत बसलो. शिडी चढतानाही नळी अडकते. तुरीच्या तासातून जाताना शेंडे हालतात ते वेगळंच.

दुसरं म्हणजे नेम. ठाण्यात सांगून मातीच्या ढिगावर पन्नास पावलांवरून तीन गोळ्या टाकल्या, तिन्ही जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत फाकल्या. मित्राची ३१५ नवी अन् आखूड हाये, त्याच्या तिन्ही बशीत बसल्या.

तालुक्याचा एक लेथवाला म्हणते, चार इंच कापून देतो, अर्ध्या तासाचं काम. बाबा म्हणते, नळी कापली का रायफल मेली, लांब नळी म्हणजेच ताकद. कोणाचं खरं? अन् कापली तं जाते काय नेमकं?

---

धुरा_आणि_तार

भाऊ, रायफल राहू दे कपाटात. झटका मशीन लाव, सोलरवाली. रात्री झोप तरी लागते. आमच्याकडं दोन वर्षं झाली, डुक्कर तारेला नाक लावून मागं जाते. रोही मात्र उडी मारते, त्याले काही उपाय नाई.

---

दुकानातला_म्हातारा

लेथवाल्याकडे जाऊ नको. हे पहिलं, बाकी नंतर.

मी अमरावतीत बंदुकीच्या दुकानात चौतीस वर्षं काढली, काउंटरवर कमी आणि मागच्या खोलीत जास्त. दरवर्षी एखादा तरी गडी कापलेली नळी पोत्यात गुंडाळून आणायचा आणि म्हणायचा, काका, एवढं तोंड सरळ करून द्या. आम्ही हातही लावत नव्हतो. शस्त्र कायदा १९५९, कलम ६: लायसनशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा. हत्याराचं लायसन वेगळं आणि नळी कापायचं वेगळं. लेथवाल्याकडे लेथ आहे, लायसन नाही.

आता नळी मोजलीस का? लाकडाच्या बाहेर दिसते तेवढी म्हणजे नळी नव्हे. रायफल रिकामी कर. मॅगझिन काढ, बोल्ट (नळी मागून बंद करणारी खिटी) उघडून बोट घालून बघ, परत एकदा बघ. मग बोल्ट बंद करून तोंडातून साफ करायचा गज हळूच आत सोड. टेकला की तोंडाशी पेन्सिलची खूण कर, बाहेर काढून टेप लाव. ती खरी लांबी. काडतूस बसतं ती जागाही नळीतच धरतात.

बाबा म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. गोळी नळीत असेपर्यंत मागून वायूचा दाब तिला ढकलत असतो. नळी लांब, तर ढकलणं जास्त वेळ. पण तो दाब पुढे पुढे झपाट्याने उतरतो, म्हणून शेवटच्या इंचांची कमाई पहिल्या इंचांसारखी नसते. मध्यम ताकदीच्या काडतुसाला शेवटच्या इंचामागे सेकंदाला वीस-पंचवीस फूट वेग मिळतो असा ढोबळ हिशेब धर. मॅग्नम काडतुसात सावकाश जळणारी बारूद खच्चून भरलेली असते, तिथे जास्त मिळतो. म्हणून परदेशात उघड्या डोंगरावर तीनशे-चारशे मीटरवर शिकार करणारे लोक २६ इंची नळी हौसेने वागवतात. पॉइंट टू-टू म्हणजे अगदी बारीक काडतूस, त्यात उलटं आहे. चिमूटभर बारूद असते, सोळा-सतरा इंचांत तिचं काम संपतं, पुढची नळी ओझ्याला.

तुझी ३१५. गोळी २४४ ग्रेनची (सोळाएक ग्रॅम), जड आणि सावकाश, वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. चार इंच कापलेस तर शंभरेक फूट गेले समज. पन्नास मीटरवर गोळी त्यामुळे जास्त पडेल किती? मी कागदावर मांडून पाहिलं: तीनेक मिलिमीटर. हरभऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढं. दीडशे मीटरवर दीड-दोन इंच पडेल, पण दीडशे मीटरवर रात्री तू मारणार नाहीस आणि मारूही नयेस. म्हणजे ताकदीपुरतं बोलायचं तर तुझ्या मचाणावरून त्या चार इंचांना काही किंमत नाही. बाबांना सांगू नकोस.

किंमत दुसरीकडे आहे. तुझ्या रायफलीवर दुर्बीण नसणार, उघडी माशी असणार, म्हणजे तोंडाशी नेम धरायचा उंचवटा. माशी आणि मागची खाच यांच्यात जेवढं अंतर, तेवढी चूक बारीक. अंतर अर्धा मीटर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर पन्नास मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर हुकते. नळी चार इंच कापून माशी मागे आणलीस की तीच चूक साडेबारा सेंटिमीटर. डुकराच्या खांद्यामागची जागा किती असते ते तुला माहीत आहे. दुर्बीण असती तर हा मुद्दाच उरला नसता. शिवाय तोंडाकडे वजन असलं की नळी हातात लवकर थरथरत नाही. बांबूवर टेकून मारणाऱ्याला ते जाणवणार नाही, उभ्याने मारणाऱ्याला जाणवतं.

"लांब नळी म्हणजे नेमकी नळी" हे मात्र खोटं. ठासणीच्या बंदुकीच्या काळातून आलेलं आहे ते. काळी बारूद, नळी पुरुषभर, आणि आजोबा-पणजोबांनी तेच पाहिलेलं. पोलादी नळी गोळी सुटताना वेताच्या छडीसारखी थरारते. जाडी तीच ठेवून लांबी वाढवली की लवचीकपणा लांबीच्या घनाने वाढतो. आखूड आणि जाड नळी उलट ताठ असते. मित्राची नवी रायफल बशीत मारते ती आखूड आहे म्हणून नव्हे.

मग तुझी का फाकते? दोन गोष्टी बघ. पहिली, दस्ता. पावसाळ्यात कपाटातलं जुनं लाकूड फुगतं आणि नळीला कुठंतरी एका बाजूने रेटतं. नळी आणि लाकडाच्या मध्ये दहाची नोट सरकवून बघ, डावी-उजवीकडे सारखी जाते का. पण घासायला बसू नकोस! या जातीच्या काही रायफलींत पुढच्या टोकाला लाकूड मुद्दाम नळीला टेकवलेलं असतं. दस्त्याचे स्क्रू ढिले आहेत का तेवढंच बघ.

दुसरी, नळीचं तोंड. वावरात कापूस आहे ना? बोंडातला चिमूटभर घे, सरकी काढ, पिळून वात कर आणि तोंडाच्या आतल्या कडेवरून हलक्या हाताने गोल फिरव. जिथे धागा अडकेल तिथे खाच आहे. गोळी शेवटी ज्या कडेला सोडते ती कड एका बाजूला फुटली की वायू तिकडून आधी निसटतो आणि गोळीला ढुसणी देतो. मग नळी वीस इंची असो की तीस.

---

फौजी_मेहकर

काकांनी बरोबर सांगितलं, पण आवाज राहिला.

नळी जेवढी आखूड तेवढा दाब जास्त असतानाच गोळी बाहेर पडते. म्हणजे तोंडाशी धमाका मोठा, जाळ मोठा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जंगलासाठी तीनशे तीनची (त्यांच्या फौजेची नेहमीची रायफल) आखूड आवृत्ती काढली होती, १९४४ मध्ये, जंगल कार्बाइन म्हणतात तिला. नेहमीच्या २५ इंची नळीऐवजी पावणेएकोणीस इंच. वजन जवळपास किलोभर कमी. जाळ लपवायला तोंडाला शंकूसारखी नळकांडी लावावी लागली आणि धक्का असा की दस्त्याला रबर लावूनही लोक बोंबलायचे. झाडीत वागवायला मात्र मस्त. फुकटात काही मिळत नाही.

आता तू टिनाच्या पत्र्याखाली बसून चार इंच आखूड नळीने बार काढशील. एका बारात कान दिवसभर गुंई करतील, आणि जाळाने डोळ्यांपुढे अशी चकाकी येईल की डुक्कर पडलं का पळालं तेही कळणार नाही. कानात बोळे घाल, नळी कितीही लांब असली तरी.

आणि एक विचारतो, रागावू नको. शिडी चढताना नळी अडकते म्हणतोस. भरलेली असते का? भरलेली रायफल घेऊन शिडी चढायची नाही. रिकामी दोरीने वर ओढायची, वर बसून भरायची. लांब नळीचं तोंड धुऱ्यावर टेकतं, आत चिखल जातो, आणि तशीच उडवली तर नळी फाटते.

तुरीच्या तासांचं म्हणशील तर तिथे मी तुझ्या बाजूने आहे. डिसेंबरातली तूर डोक्याच्या वर असते. त्यात २५ इंची रायफल म्हणजे लग्नाच्या मांडवात शिडी फिरवणं. पण तुरीत शिरायचंच कशाला? डुकराला तुझ्याकडे येऊ दे.

---

चिमूरची_ताई

आमच्या घरी रायफल नाही जी, सासऱ्याची बारा बोअर आहे, एकनळी, ३२ इंची. बंदूक मालक चालवतात, मी टॉर्च धरते. दोन्ही कामं सारखीच अवघड आहेत.

आम्हालाही कोणीतरी कापा म्हणून सांगितलं होतं. दुकानदारानं समजावलं, छर्ऱ्याच्या बंदुकीत तोंडाजवळच्या शेवटच्या दोन-अडीच इंचांत नळी बारीक होत जाते, त्याला चोक म्हणतात. छर्रा किती फाकणार ते त्यावर ठरते. नळी कापली तर तेच जाते. लांबीनं छर्ऱ्याचा जोर फारसा वाढत नाही म्हणे, आजची बारूद लवकर जळते. आणि लायसनच्या कायद्यात रक्षणाच्या छर्ऱ्याच्या बंदुकीला निदान वीस इंच नळी असं लिहून आहे, ते कलम १३ मध्ये.

पण भाऊ, नळीपेक्षा टॉर्च चांगला घ्या. आमच्या नाल्यात डुक्कर येते, त्याच वाटेनं वाघ येते. मागच्या पौषात हरभऱ्यात दोन डोळे चमकले. मालकांनी खांद्याला लावली, मी म्हटलं थांबा, डोळे लय दूर दूर आहेत. टॉर्च थोडा खाली केला तर पट्टे दिसले. आम्ही दोघंही सकाळपर्यंत मचाणावरच होतो, पाणी प्यायलाही उतरलो नाही.

---

तूरवाला_दारव्हा

सगळ्यायचे आभार. उशीर झाला, कापूस वेचाईत होतो.

गजानं मोजली. बाहेरून पाहून मी २१ इंच समजत होतो, भरली सव्वापंचवीस.

दहाची नोट डाव्या बाजूनं अर्ध्यातच अटकली, उजवीकडून सरकली. मागचा स्क्रू पाऊण फेरा ढिला होता. अन् कापसाची वात फिरवली तं खालच्या बाजूले, घड्याळात पाच वाजतात त्या जागी, धागा टचकन् अडकला. बाबाले दाखवलं. बाबा चूप बसले, मग म्हणाले का आजोबा लोखंडी गज तोंडाकडूनच घालत, रोज दसरा असल्यासारखा. साठ वर्षं एकाच जागी घासलं गेलं असंल.

लायसनवाल्या कारागिराकडं नेली. त्यानं फक्त कड साफ करून दिली अन् दस्ता बसवला, लांबी तेवढीच. परत ठाण्यात सांगून तीन गोळ्या टाकल्या. ताट नाही, बशी पण नाही म्हणता येणार, पोहे खायची प्लेट म्हणा. मित्राची अजून चांगली हाये, पण माहा हातही हाये ना त्यात.

मचाणावरचे समोरचे दोन बांबू हातभर कापले, वरून पोत्याची घडी बांधली. आता नळी फिरते अन् आवाज होत नाही. रायफल दोरीनं वर घेतो. ताई, टॉर्चही नवा आणला.

डुकरं मात्र चार रात्रीपासून फिरकली नाईत, शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेली. तो आता मले विचारते का मचाण त्याच्या धुऱ्यावर हलवतं का. परवानगीत तं माह्याच वावराचा गट नंबर लिहून हाये. त्याच्या वावरासाठी त्यालेच अर्ज करा लागन ना?