सोसायटीच्या ग्रुपवर: अर्थसी वाचून झालं, जरा बोलायचंय

सी ४०१: ए १०२ च्या दादांनी दिलेलं पुस्तक काल रात्री संपवलं, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, उर्सुला ले ग्विनचं, १९६८ चं, एका जादूगाराची गोष्ट. दोनशेच्या आसपास पानं फक्त पण झोपच लागेना म्हणून सकाळी सकाळी लिहितेय. गेड नावाचं पोरगं, आई नाही, शेळ्या राखतंय. मावशी शेळ्यांना हाक मारताना काहीतरी पुटपुटते ते ऐकून दुसऱ्या दिवशी डोंगरावर हे स्वतः म्हणून बघतंय, अर्थ माहीत नाही, तर सगळ्या शेळ्या गप्प त्याच्याभोवती दाटून उभ्या, सोडायलाच तयार नाहीत. घाबरून गावाकडं पळत सुटलं तर कळप पण चिकटून सोबत! तिथंच मी पुस्तकात अडकले.

बी २०३ काका: मला नाही जमलं बुवा. त्या गेडचा गुरू ओजियन एवढा मोठा, भूकंप शांत केलेला माणूस, आणि पाऊस आला की झाडाखाली जाऊन झोपतोय. ढग हटवता येतात तर हटवायचे की. मग जादू शिकायची कशाला?

सी ४०१: काका तोच तर गाभा आहे पुस्तकाचा. ओजियनला येतंय सगळं पण तो करत नाही. पुढं रोक बेटावरच्या जादूच्या शाळेतपण हेच शिकवतात, एका बेटावर पाऊस ओढून आणला तर दुसरीकडं दुष्काळ पडेल.

डी १०४ आजोबा: हे मला एकदम पटलं. माझी सगळी नोकरी पाटबंधारेत गेली. राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे, त्यातला एक जरी उघडला तरी खाली कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर आम्ही डोळे लावून बसायचो, पाणी ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. पाणी इथनं हटवलं म्हणजे ते कुणाच्या तरी दारात जाणारच. ज्या बाईंनी हे लिहिलंय त्यांना पाण्याची जाण होती.

ए १०२: आजोबा 🙏 हे मला वाचताना सुचलंच नव्हतं.

बी ३०१ ताई: माझी एक तक्रार आहे. त्या जगात म्हणच आहे की बायकांची जादू दुबळी आणि बायकांची जादू वाईट, आणि रोकच्या शाळेत एक मुलगी नाही. मावशीकडनंच पहिला मंत्र मिळाला ना त्याला? मग तिचं पुढं काय, गावठी चेटकीण म्हणून विषय संपला. मला लई लागलं ते.

सी ४०१: खरंय ताई, मलापण खटकलं आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण लेखिकेला ते स्वतःलाच नंतर बोचलं असणार, कारण १९९० ला तिनं याच जगातलं ‘तेहानू’ लिहिलं, त्यात सगळं एका घरसंसार केलेल्या बाईच्या नजरेतनं येतं. ते नक्की वाचा.

डी १०४ आजोबा: टाकी भरली, मोटर बंद केली आहे.

सी ४०१: आता मुख्य सांगते. गेडच्या हातनं जे वाईट होतं ते ईर्षेपायी. शाळेतला एक मोठ्या घरचा मुलगा डिवचतो आणि हा सगळ्यांसमोर मेलेल्या राणीचा आत्मा बोलवून दाखवतो, तेव्हा पडलेल्या फटीतनं एक सावली बाहेर पडते. ती फट बुजवताना म्हातारे मुख्य गुरू जीव घालवतात आणि ह्याच्या गालावर जन्मभराचे व्रण. आपल्याकडं ईर्षेला काय कमी आहे का, कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉलवरनं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचा थोरला आठवीत, गेल्या महिन्यात कुणीतरी “तुझ्यात दम नाही” म्हटलं म्हणून पार्किंगच्या भिंतीवरनं उडी मारली, प्लॅस्टर तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. तेव्हा मी लई बोलले त्याला, एक अक्षर आत गेलं नाही. परवा हे प्रकरण त्यानं एका हातानं पुस्तक धरून वाचलं, पानात बोट घालून मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसला, जेवायला हाक मारली तरी उठला नाही. मी काहीच विचारलं नाही.

बी ३०१ ताई: 🥺

सी ४०१: आणि त्यानंतर गेड बरा होतो ते किती हळूहळू दाखवलंय, बोलायला पण परत शिकतो, आधीचा तोरा सगळा गेलेला. तेव्हा वेच नावाचा मित्र शाळा सोडून जाताना त्याला स्वतःचं खरं नाव सांगतो. तिथं खरं नाव ज्याला कळलं त्याच्या हातात तुमचा जीव, म्हणून कुणी सांगत नाही. ते वाचून मला बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नाव आठवलं, पहिल्यांदा फक्त कानातच सांगतात ना. एवढ्या पडलेल्या मुलावर कुणी एवढा विश्वास टाकतं, मी तिथं रडले.

बी २०३ काका: पावसाचं अजून पूर्ण पटलं नाही मला. पण ह्या वेचपर्यंत तरी वाचतो, पुस्तक कुणाकडं आहे आता?

सी ४०१: थोरल्याकडं आहे काका, चाळीसेक पानं राहिलीत त्याची. तोवर सावलीचं पुढं काय होतं ते इथं कुणी लिहू नका प्लीज, तो माझाच फोन वापरतो.