'नीडल्स अँड पिन्स'मध्ये तारा सहा की बारा? द सर्चर्सबद्दल विचारायचं आहे

सहातारी
आमच्या गटाला लिव्हरपूलच्या द सर्चर्सचं 'नीडल्स अँड पिन्स' बसवायचं आहे. दोन इलेक्ट्रिक गिटार आहेत, दोन्ही सहा तारांच्या. सुरुवातीची ती किणकिण बारा-तारी गिटारची वाटते आणि बऱ्याच ठिकाणी 'रिकनबॅकर' (गिटार बनवणारी अमेरिकी कंपनी) असंच लिहिलेलं दिसतं. कोरस पेडल (एका गिटारच्या जागी अनेक वाजत असल्याचा भास देणारा) लावून पाहिला, पण आवाज पाण्यात बुडाल्यासारखा डुलतो.

दुसरा प्रश्न गटाबद्दलचा. १९६३-६४ मध्ये ब्रिटनमध्ये तीन नंबर एक गाणी देणारा गट १९६६ नंतर लोकप्रिय गाण्यांच्या यादीतून एकदम गायब होतो. नेमकं काय झालं? आणि याच नावाचे दोन गट असल्याचं दिसतं, त्यातला खरा कुठला? ऐकायला सुरुवात कुठून करावी हेही जाणकारांनी सांगावं.

जोडाचीतार
आधी रिकनबॅकरचं. 'नीडल्स अँड पिन्स' १९६४ च्या जानेवारी अखेरीस ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. जॉर्ज हॅरिसनच्या हाती रिकनबॅकरची बारा-तारी आली ती फेब्रुवारी १९६४ मध्ये, न्यूयॉर्कला. म्हणजे ज्या गिटारमुळे हा नाद जगभर गेला, ती बीटल्सकडे यायच्या आधीच हे गाणं दुकानात होतं. ध्वनिमुद्रणात आहेत त्या सहा-सहा तारांच्या दोन गिटारच. सर्चर्सचे माइक पेंडर आणि जॉन मॅकनॅली एकच तुकडा एकत्र वाजवतात आणि वर प्रतिध्वनी चढवलेला आहे. खरी बारा-तारी ऐकायची तर त्याच वर्षाच्या शरदातलं 'व्हेन यू वॉक इन द रूम' लावा. दोन्ही लागोपाठ ऐकली की फरक कळतो. दुसऱ्यात खालच्या स्वरांना वरच्या सप्तकाची चमक आहे, पहिल्यात ती नाही, नुसती जाडी आहे.

तेव्हा तुमच्याकडे हवं ते सगळं आहे. कोरस बंद करा. तो आवाज ठरावीक वेगाने खाली-वर हलवतो, म्हणून डुलतं. दोन माणसं वाजवतात तेव्हा फरक अनियमित असतो, प्रत्येक आघाताला वेगळा.

तुकडा असा: साधा उघडा ए कॉर्ड धरायचा. दुसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला सी-शार्प असतो. त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटला करंगळी टेकवली की डी, आणि बोट उचललं की मोकळी तार, बी. बाकीच्या तारा वाजत राहू द्यायच्या, हलतो तो एवढा एकच स्वर. पुढे एफ-शार्प मायनर येतो तिथे बहुतेकजण घाईने ए सोडतात आणि किणकिण मध्येच तुटते. कॉर्ड बदलायच्या अगदी शेवटच्या क्षणापर्यंत तारा दाबून धरा.

दोघांनी काय सांभाळायचं:

दोन्ही गिटार एकाच ट्यूनरवर लावा. नुसत्या मोकळ्या तारा लावून भागत नाही. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला स्वर जुळतो का पाहा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिजवरचा सॅडल मागे सरकवून तार लांब करायची, उतरा येत असेल तर पुढे. दोन गिटारांत तीन-चार सेंटचा (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) फरक राहिला तर आवाज भरतो, दहाच्या पुढे गेला की तो बेसूरच. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा लावणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

ब्रिजजवळचा पिकअप, ०.७ मिलिमीटरच्या आसपासचा पिक, आघात ब्रिजच्या जवळ. अँपवर डिस्टॉर्शन अजिबात नको. सी-शार्प आणि डी ही अर्ध्या स्वराची हालचाल ऐकू येणं हाच या तुकड्याचा जीव, आणि थोडी जरी खरखर आली तरी तोच चिखलात जातो. दोघांचे आघात वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या आत पडले तर एकच जाड गिटार वाटते. चाळीसच्या पुढे गेले की 'टक-टक' असे दोन वेगळे ऐकू येतात. मुद्रण करणार असाल तर दोन्ही गिटार डाव्या-उजव्या कानात वाटू नका, मधोमध ठेवा. वाटल्या की त्या दोन गिटार होतात आणि सगळा खेळ संपतो. प्रतिध्वनी दोघांना एकच द्या, वेगवेगळे पेडल नकोत.

'व्हेन यू वॉक इन द रूम'सुद्धा करायचं असेल आणि बारा-तारी विकत घ्यायची नसेल, तर नॅशविल ट्यूनिंग करा. बारा तारांचा एक संच आणायचा. त्यातल्या नेहमीच्या जाडीच्या सहा तारा पहिल्या गिटारला. उरलेल्या सहा दुसऱ्या गिटारला लावल्या की ई, ए, डी, जी या चार तारा एक सप्तक वर जातात, बी आणि वरची ई जागच्या जागी राहतात. दोघांनी एकच तुकडा वाजवायचा. बारा-तारी दोघांत वाटून घेतल्यासारखंच आहे हे.

यात बिघडतं ते तीन ठिकाणी. वरच्या सप्तकातली जी ही तार सगळ्यात आधी तुटते, कारण ती वरच्या ई पेक्षाही उंच लागते. तिथे ०.००८ किंवा ०.००९ इंचाचीच तार हवी, आणि ती सावकाश चढवायची. दुसरं, जाड तारांसाठी कापलेल्या नटच्या (गळ्याच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) खाचेत बारीक तार सैल बसते आणि झणझणते. खाचेत कागदाची चिंधी दाबली की तात्पुरतं काम होतं. तिसरं, एकूण ताण कमी होतो, म्हणून स्प्रिंगवाला ट्रेमोलो ब्रिज असेल तर तो मागे बसतो आणि तारा फ्रेटला लागतात. मागच्या स्प्रिंगचे स्क्रू थोडे सैल करावे लागतील.

ऑक्टेव्ह पेडलचं कोणी सुचवेल. तो सहाही तारांना वरचं सप्तक लावतो, खऱ्या बारा-तारीत मात्र वरच्या दोन जोड्या एकाच स्वराच्या असतात. म्हणून पेडलचा आवाज वरच्या बाजूला चिरका येतो. वापरायचाच तर मिश्रणात अगदी कमी ठेवा.

काळीतबकडी
गिटारचं वर नीट आलंच आहे. मी कारकिर्दीबद्दल लिहितो.

नाव जॉन फोर्डच्या १९५६ च्या चित्रपटावरून घेतलेलं. मॅकनॅलीच्या स्किफल (साध्या, घरगुती वाद्यांवरचं लोकसंगीत) गटातून हे उभं राहिलं. काही काळ गायक जॉनी सँडन पुढे होता, १९६२ मध्ये तो रेमो फोर या गटाकडे गेला. उरलेल्या चौघांत (पेंडर, मॅकनॅली, बेसवर टोनी जॅक्सन, ड्रमवर क्रिस कर्टिस) तिघे-चौघे गाऊ शकत होते, त्यामुळे अडलं काहीच नाही. लिव्हरपूलला आयर्न डोअर क्लब, हॅम्बर्गला स्टार-क्लब, मग पाय रेकॉर्ड्स आणि निर्माता टोनी हॅच.

पहिलंच 'स्वीट्स फॉर माय स्वीट' ऑगस्ट १९६३ मध्ये पहिल्या क्रमांकावर. ते मूळ अमेरिकेतल्या ड्रिफ्टर्स या गटाचं. दुसरं 'शुगर अँड स्पाइस' दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ते लिहिणारा 'फ्रेड नाइटिंगेल' म्हणजे खुद्द टोनी हॅच, टोपणनावाने. चाल पहिल्या गाण्याच्याच साच्यातली आहे, कान देऊन ऐका. १९६४ मध्ये 'नीडल्स अँड पिन्स' तीन आठवडे आणि मे महिन्यात 'डोन्ट थ्रो युअर लव्ह अवे' दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर.

आता तुमच्या 'काय झालं'चं उत्तर. या यादीतलं एकही गाणं गटाने लिहिलेलं नाही. 'नीडल्स' आधी अमेरिकी गायिका जॅकी डिशॅनन हिने गायलेलं, 'व्हेन यू वॉक इन द रूम' तर तिनेच लिहिलेलं. 'डोन्ट थ्रो' ऑर्लन्स या अमेरिकी गटाचं, 'व्हॉट हॅव दे डन टू द रेन' माल्विना रेनॉल्ड्स यांचं, अणुचाचण्यांच्या विरोधातलं. दुसऱ्यांच्या तबकड्यांच्या ढिगातून नेमकं गाणं हुडकणं हेच सर्चर्सचं बळ होतं. नाव शोभतं खरं. आणि ते हुडकणारा मुख्यतः ड्रमर क्रिस कर्टिस.

पण १९६५ पर्यंत हवा बदलली. लंडन-लिव्हरपूलचे गट स्वतःची गाणी लिहू लागले, आणि अमेरिकेतलं चांगलं गाणं ब्रिटनमध्ये मूळ आवाजातच खपू लागलं. सर्चर्सनेही प्रयत्न केला. 'हीज गॉट नो लव्ह' हे कर्टिस-पेंडर यांचं स्वतःचं, १९६५ मध्ये बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि वाईट मुळीच नाही. पण ते शेवटचं मोठं यश. १९६६ मध्ये कर्टिसने गट सोडला. त्याच वर्षी 'टेक इट ऑर लीव्ह इट' ३१ व्या आणि 'हॅव यू एव्हर लव्ह्ड समबडी' ४८ व्या क्रमांकावर अडलं. पहिलं रोलिंग स्टोन्सच्या जॅगर-रिचर्ड्सचं, दुसरं हॉलीज या गटातल्या तिघांचं. म्हणजे गाणी आता जुन्या तबकड्यांतून हुडकलेली नव्हती, शेजारच्या गटांकडून आणलेली होती.

त्याआधी १९६४ च्या मध्यावर टोनी जॅक्सन गटातून बाहेर पडला होता आणि क्लिफ बेनेटच्या गटातून फ्रँक ॲलन बेसवर आला. यातून एक गंमत झाली. अमेरिकेत त्यांचं सगळ्यात वर गेलेलं गाणं 'लव्ह पोशन नंबर नाइन', तिसरा क्रमांक, १९६५ च्या सुरुवातीला. ते मुळात १९६३ च्या पहिल्या अल्बममधलं, गाणारा जॅक्सन. गाणं तिकडे गाजत होतं तेव्हा तो गटात नव्हताच!

अवांतर: कर्टिसने १९६७ मध्ये 'राउंडअबाउट' नावाची एक योजना काढली, तीत जॉन लॉर्ड आणि रिची ब्लॅकमोर आले. कर्टिस स्वतः लवकरच बाजूला पडला आणि उरलेल्यातून १९६८ मध्ये डीप पर्पल हा रॉक गट उभा राहिला.

सहातारी
दोघांचेही आभार, नॅशविल करून पाहतो. दोन गटांचं राहिलं. आणि मग १९६६ नंतरचं ऐकण्यासारखं काहीच नाही का?

काळीतबकडी
आहे. १९७९ आणि १९८१ मध्ये सायर लेबलवर दोन अल्बम निघाले. हे लेबल तेव्हा न्यूयॉर्कच्या नव्या लाटेच्या ('न्यू वेव्ह') रॉकचं, आणि त्या गिटारांत साठच्या दशकाची किणकिण होतीच. पहिल्यापासून सुरुवात करा. खप झाला नाही, पण साठच्या दशकातल्या गटांच्या पुनरागमनांत इतकं ताजं फार थोडं आहे.

दोन गटांचं: डिसेंबर १९८५ मध्ये पेंडर बाहेर पडला आणि त्याने 'माइक पेंडर्स सर्चर्स' काढला. मूळ नावाने मॅकनॅली आणि ॲलन, सोबत नवा गायक स्पेन्सर जेम्स. एकीकडे मूळ गिटारवादक, दुसरीकडे 'नीडल्स'चा आवाज. खरा कुठला, या भांडणाला अर्थ नाही. मॅकनॅली-ॲलन यांच्या गटाने जून २०२५ मध्ये ग्लॅस्टनबरीला शेवटचा कार्यक्रम केला.

पायगुलाबी
तबकड्या घ्यायच्या असतील त्यांच्यासाठी. ब्रिटिश मूळ एकेरी तबकड्या पाय रेकॉर्ड्सच्या गुलाबी लेबलवर: 'स्वीट्स' ७एन १५५३३, 'शुगर' ७एन १५५६६, 'नीडल्स' ७एन १५५९४, 'डोन्ट थ्रो' ७एन १५६३०. मोठ्या तबकड्यांत 'मीट द सर्चर्स' एनपीएल १८०८६ आणि 'इट्स द सर्चर्स' एनपीएल १८०९२ या दोन आधी घ्या. दुसरी जास्त सरस. मोनोच घ्या, हा आवाज मोनोसाठीच जुळवलेला आहे.

या लाखोंनी खपल्या, त्यामुळे मिळायला अवघड नाहीत. अवघड आहे ती धड अवस्थेतली मिळणं. त्या काळच्या स्वयंचलित प्लेअरची जड सुई खाचा खरवडून गेलेली असते. तबकडी वरून चकचकीत दिसते आणि शेवटच्या मिनिटाला गायकाचा आवाज फाटतो, म्हणून आतल्या बाजूचा भाग वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. स्टिरिओ कार्ट्रिजवर (सुई बसवलेला भाग) मोनो तबकडी लावताना अँपवर मोनोचं बटण असेल तर दाबा. सुईच्या उभ्या हालचालीतून येणारी चरचर बरीच कमी होते.

मोठा धोका पुढचा आहे. १९७२ मध्ये गटाने आरसीए लेबलसाठी 'सेकंड टेक' हा अल्बम केला, त्यात जुनी गाणी नव्याने गायलेली आहेत. स्वस्त संग्रहांत आणि स्ट्रीमिंगवर मूळ मुद्रणाऐवजी अशी पुन्हा गायलेली गाणी येतात, मुखपृष्ठावर मात्र १९६३ चे सूटवाले फोटो. 'सहातारी', तुम्ही ज्यावरून बसवताय ते आधी तपासा.

जोडाचीतार
तपासायला सोपी खूण आहे. मूळ 'नीडल्स अँड पिन्स'मध्ये कर्टिसच्या बास ड्रमचं पेडल करकरतं. त्याला तेल घालायचं राहिलं आणि ते तसंच तबकडीवर गेलं. हेडफोन लावून गिटारांच्या मागे, ड्रमच्या ठोक्याबरोबर ऐका. कुरकुर ऐकू आली तर मुद्रण १९६३-६४ चं. 'स्वीट्स फॉर माय स्वीट'ला मुख्य आवाज टोनी जॅक्सनचा हवा. तो १९६४ नंतर गटात नव्हता, त्यामुळे आवाज दुसरा असेल तर मुद्रण नंतरचं.

आणि बसवताना एक: शब्द 'पिन्स' असा सरळ म्हणू नका. डिशॅननच्या मुद्रणात 'पिन्स-अ' अशी शेपटी आहे, सर्चर्सने ती जशीच्या तशी उचलली. ती सोडली की ओळ एका मात्रेने लंगडते. कर्टिसचा वरचा आवाज पेंडरच्या आवाजाला चिकटून जातो, म्हणून तो गाणाऱ्या दुसऱ्या गायकाला माइकपासून थोडं मागे उभं करा. दोन्ही आवाज सारख्या उंचीचे झाले तर चाल कुठली आणि साथ कुठली तेच कळत नाही.